लाकडी विमानाचे धड (गृहनिर्मित)

लाकडी विमानाचे धड हा विमानाचा मध्यवर्ती, लांबट भाग होय. हौशी बांधणाऱ्याने कारखान्याबाहेर, बहुधा घरच्या गॅरेजमध्ये, शेडमध्ये किंवा एखाद्या रिकाम्या खोलीत, लाकडी दांडे, प्लायवुड आणि चिकटद्रव्य वापरून तो तयार केलेला असल्यास त्यास गृहनिर्मित धड म्हणतात. वैमानिक याच भागात बसतो. इंजिन, पंख, शेपटी आणि चाके हे सर्व भाग यालाच जोडलेले असतात. म्हणून विमान हवेत असताना आणि जमिनीवर उतरताना निर्माण होणारे बहुतेक सर्व भार अखेर धडात येऊन मिळतात. लाकडी धडाचे बळ लाकडापेक्षाही त्याच्या सांध्यांवर अवलंबून असते. हे सांधे एकदा चिकटवून झाकले की त्यांची आतली स्थिती डोळ्यांना दिसत नाही. या बांधणीची जवळजवळ प्रत्येक रीत आणि प्रत्येक नियम याच अडचणीतून जन्मास आला आहे.

शब्दाविषयी

इंग्रजीतील ‘फ्यूजलाज’ हा शब्द फ्रेंच भाषेतून आला. त्याच्या मुळाशी सूत कातण्याच्या चातीचा अर्थ आहे. मध्यभागी जाड आणि टोकाकडे निमुळता होत जाणारा आकार पाहता हे नाव समर्पक आहे. मराठीत ‘सांगाडा’ हा शब्दही योजला जातो. परंतु सांगाडा पंखालाही असतो आणि शेपटीलाही असतो, त्यामुळे त्याने अर्थ निश्चित होत नाही. पंख आणि शेपूट हे शब्द आपण पक्ष्यावरून घेतलेच आहेत, तेव्हा त्यांच्या जोडीला ‘धड’ हाच शब्द सरळ वाटतो. या लेखात तोच वापरला आहे.

पार्श्वभूमी

विमानविद्येच्या पहिल्या तीन दशकांत बहुतेक विमाने लाकडाचीच होती. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानात स्प्रूस आणि ॲश ही लाकडे होती. घरी विमान बांधणाऱ्यांचा पंथही तेव्हापासूनचाच. कारण सुतारकामाची हत्यारे घरोघरी होती आणि धातू वाकवण्याची किंवा सांधण्याची यंत्रे नव्हती.

या परंपरेतील सर्वांत टिकाऊ उदाहरण म्हणजे ‘पीटनपोल एअर कॅम्पर’. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील चेरी ग्रोव्ह या लहान गावी बर्नार्ड पीटनपोल (१९०१–१९८४) हे स्वतःच्या प्रयत्नाने यंत्रविद्या शिकलेले गृहस्थ राहत होते. फोर्ड मोटारीचे ‘मॉडेल ए’ इंजिन बसवलेले दोन आसनी लाकडी विमान त्यांनी १९२९ मध्ये उडवले. मोटारीचे इंजिन विमानाच्या कामाचे नाही, असे ‘मॉडर्न मेकॅनिक्स’ या मासिकाच्या संपादकांचे मत होते. पीटनपोल आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९३० मध्ये अशी दोन विमाने उडवत मिनीॲपोलिसजवळच्या धावपट्टीवर नेली आणि वाद तेथेच मिटला. पुढे १९३२ मध्ये त्याच प्रकाशनसंस्थेच्या ‘फ्लाइंग अँड ग्लायडर मॅन्युअल’ या वार्षिकात विमानाचे आराखडे छापले गेले. ते आराखडे वापरून आजही विमाने बांधली जातात. पीटनपोल यांची चेरी ग्रोव्ह येथील कार्यशाळा अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत समाविष्ट आहे.

याच काळात फ्रान्समध्ये आंरी मिन्ये यांनी ‘पू द्यु सिएल’ हे छोटे विमान १९३३ मध्ये उडवले आणि पुढच्याच वर्षी त्याच्या बांधणीवर पुस्तक लिहिले. सामान्य माणसालाही विमान बांधता येईल, या त्यांच्या आश्वासनाने युरोपात अक्षरशः लाट आली. पाठोपाठ अपघातही आले. एका पंखाचा दुसऱ्या पंखाभोवतीच्या हवेवर होणारा परिणाम विमानाला सूर मारण्याच्या स्थितीतून वर येऊ देत नाही, असे वातबोगद्यातील चाचण्यांनी दाखवले आणि अनेक ठिकाणी या विमानावर बंदी आली. येथे दोष सुतारकामाचा नव्हता, आराखड्याचा होता. हौशी बांधणाऱ्याने सिद्ध झालेला आराखडा घ्यावा आणि त्यात मनाने बदल करू नयेत, हा आज सर्वत्र दिला जाणारा सल्ला अशाच अनुभवांतून आला आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समधील ‘जोडेल’, इंग्लंडमधील ‘टेलर मोनोप्लेन’, अमेरिकेतील पीटर बॉवर्स यांचे ‘फ्लाय बेबी’ आणि ऑस्ट्रेलियातील ‘कॉर्बी स्टारलेट’ ही लाकडी गृहनिर्मित विमाने लोकप्रिय झाली. इटलीतील स्तेलिओ फ्राती यांचे ‘फाल्को’ हे मुळात कारखान्यात तयार होणारे वेगवान विमान. त्याचे आराखडे नंतर घरगुती बांधणीसाठी उपलब्ध झाले. त्याचे वक्राकार, पूर्णपणे प्लायवुडने मढवलेले धड हे या कलेतील सर्वांत अवघड कामांपैकी एक मानले जाते. नवशिक्याने त्याच्या वाटेस न गेलेले बरे.

रचना

लाकडी धडाचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात चार कोपऱ्यांना पुढून मागेपर्यंत जाणारे चार लांब दांडे असतात. त्यांना लाँजरॉन म्हणतात. ते उभ्या, आडव्या आणि तिरप्या काड्यांनी एकमेकांना जोडलेले असतात आणि वरून कापड ताणून बसवलेले असते. दुसऱ्या प्रकारात आडव्या चौकटींवर पातळ प्लायवुडचे कवच चिकटवलेले असते आणि ते कवचच बराचसा भार वाहते. घरगुती विमानांपैकी पुष्कळशी या दोहोंच्या मध्ये येतात. एअर कॅम्परमध्ये पुढचा भाग, म्हणजे इंजिनापासून मागच्या आसनापर्यंतच्या बाजू, सुमारे ३ मिमी जाडीच्या प्लायवुडने मढवलेल्या असतात. तेथून शेपटीपर्यंत उघडी जाळीदार चौकट असते. तिचे लाँजरॉन केवळ १ इंच (सुमारे २५ मिमी) चौरस जाडीचे असतात.

एवढ्या बारीक काड्यांवर माणसे कशी उडतात, असा प्रश्न नव्याने पाहणाऱ्यास पडतो. शेपटीवर वरून दाब आला की धड वाकू पाहते. तेव्हा वरचे लाँजरॉन ताणले जातात आणि खालचे दाबले जातात. तिरप्या काड्या किंवा बाजूचे प्लायवुड चौकटीला तिरके होऊ देत नाही. म्हणजे प्रत्येक काडीला मुख्यतः ओढ किंवा दाब सोसावा लागतो, वाकणे फारसे सोसावे लागत नाही. लाकूड तंतूंच्या दिशेने ओढ उत्तम सोसते, दाब त्याहून कमी सोसते, आणि तंतूंच्या आडव्या दिशेने ओढले तर सहज फाटते. प्लायवुडमध्ये लगतच्या थरांचे तंतू एकमेकांना काटकोनात असतात. ते कवचावर ४५ अंशांनी तिरके बसवले तर चौकटीचे तिरके होणे अधिक चांगले रोखले जाते. मात्र त्यात लाकूड बरेच वाया जाते.

लाकडाची निवड

विमानकामासाठी प्रमाण मानले गेलेले लाकूड म्हणजे सिटका स्प्रूस. हा सूचिपर्णी वृक्ष उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर अलास्कापासून कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागापर्यंत वाढतो. याचे वजन घनमीटरला सुमारे ४३० किलो, म्हणजे सागवानाच्या तुलनेत बरेच कमी. वजनाच्या मानाने ताकद जास्त, तंतू सरळ आणि लांब, गाठी कमी, हे त्याचे गुण आहेत. डग्लस फर हे लाकूड अधिक बळकट पण अधिक जड; ते फाटतेही लवकर. धातूच्या पट्ट्या आणि बोल्ट जेथे बसतात तेथे ॲश किंवा बर्च अशा कठीण लाकडाचे ठोकळे घालतात, कारण स्प्रूस बोल्टखाली चेपते.

फळी निवडताना पाहण्याच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. तंतूंचा कल फळीच्या कडेशी १५ ला १ यापेक्षा जास्त नसावा. म्हणजे १५ सेंमी लांबीत तंतू १ सेंमीहून अधिक सरकू नये. वार्षिक वलये दर इंचाला किमान सहा असावीत. लाकडातील ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या आसपास असावा. तंतूंना आडवी जाणारी, सुरकुतीसारखी बारीक रेघ दिसली तर ती फळी कितीही सुंदर असली तरी बाजूला ठेवावी. वादळात झाड वाकल्याने किंवा झाड पडताना बसलेल्या दणक्याने तंतू आतून चिरडले गेल्याची ती खूण असते आणि असे लाकूड पूर्वसूचना न देता मोडते. ही रेघ तिरप्या उजेडात, नीट रंधलेल्या पृष्ठभागावरच दिसते.

इच्छित लांबीची निर्दोष फळी मिळत नाही तेव्हा दोन तुकडे तिरक्या जोडाने सांधतात. जोडाचा उतार १० ला १ याहून तीव्र नसावा. १२ ला १ अधिक चांगला. म्हणजे २५ मिमी जाडीच्या दांड्यात जोडाची लांबी ३० सेंमी होते. एवढ्या लांब, पातळ होत जाणाऱ्या उताराची दोन्ही तोंडे हाताच्या रंध्याने तंतोतंत सपाट करणे ही सुतारकौशल्याची खरी परीक्षा होय.

प्रत्यक्ष बांधणी

कामाची सुरुवात मोठ्या, सपाट मेजापासून होते. एअर कॅम्परच्या धडासाठी साधारण पाच मीटर लांबीचे मेज लागते. ते पाण्याच्या पातळीने तपासून पक्के केल्यावर त्यावर धडाच्या एका बाजूचे पूर्ण आकाराचे चित्र काढतात. लहान आकाराच्या आराखड्यात न दिसणारी चूक पूर्ण आकारात चटकन दिसते. लाँजरॉनची रेषा डोळ्याला खटकली तर बहुधा एखादे माप चुकलेले असते. मग रेषेच्या दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे ठोकतात आणि त्यांच्या मध्ये लाँजरॉन वाकवून बसवतात. वाक जास्त असेल तर दांडा आधी गरम पाण्याच्या फडक्यांनी किंवा वाफेने मऊ करतात, अथवा पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून तो घडवतात. सांध्यांच्या खाली प्लॅस्टिकचा किंवा मेणाचा कागद घालावा लागतो. ही साधी गोष्ट राहून गेली तर धड मेजासकट उचलण्याची वेळ येते.

उभ्या आणि तिरप्या काड्या कापून त्या जागी इतक्या घट्ट बसवतात की चिकटद्रव्य नसतानाही त्या पडू नयेत. मग प्रत्येक सांध्यावर प्लायवुडचा छोटा तुकडा चिकटवतात. याला गसेट म्हणतात. काडीचे टोक लाँजरॉनला नुसते चिकटवले तर त्या सांध्याला फारशी ताकद नसते, कारण तंतूंची कापलेली तोंडे चिकटद्रव्य शोषून घेतात. खरा भार गसेटमार्फत जातो. गसेटवर बारीक खिळे मारलेले दिसतात. त्यांचे काम सांधा सुकेपर्यंत दाब देण्यापुरतेच असते, बळासाठी नसते.

पहिली बाजू सुकली की त्याच ठोकळ्यांमध्ये दुसरी बाजू बांधतात, म्हणजे दोन्ही एकसारख्या होतात. येथे जाणते लोक एक काळजी घेतात. समोरासमोरचे दोन लाँजरॉन शक्यतो एकाच फळीतून, शेजारी शेजारी कापून घेतात. कारण पुढे दोन्ही बाजू उभ्या करून, आडव्या काड्यांनी जोडून, मागची टोके जवळ ओढली जातात. त्या वेळी एका बाजूचे लाकूड ताठ आणि दुसऱ्या बाजूचे लवचिक असेल तर धड एका अंगाला केळ्यासारखे वाकते. हा दोष चिकटद्रव्य सुकल्यावर दुरुस्त होत नाही.

म्हणून टोके ओढण्यापूर्वी मेजावर मध्यरेषा आखतात, प्रत्येक आडव्या काडीचा मध्य खूण करून ठेवतात आणि ओळंबा सोडून तो मध्यरेषेवर येतो की नाही ते पाहतात. प्रत्येक चौकटीचे दोन्ही कर्ण मोजतात. ते समान असतील तर चौकट काटकोनी. सुताराचा गुण्या, ओळंबा आणि ताणलेला दोरा ही तीन साधने येथे कोणत्याही महागड्या यंत्राइतकीच विश्वासार्ह ठरतात. मेजावर काढलेल्या चित्रात मिलिमीटरभर असलेली चूक शेपटीपाशी सेंटिमीटरची होऊ शकते, आणि वाकड्या धडाचे विमान सरळ उडवताना वैमानिकाला सतत पायाने सुकाणू दाबून धरावे लागते.

तयार धड दारातून बाहेर निघेल का, हे आधीच मोजून ठेवावे, अशी सूचना बांधणीच्या पुस्तकांत असते. ती वाचून हसू येते, पण ती अनुभवाने लिहिलेली असते.

सांधा आणि चिकटद्रव्य

पहिल्या महायुद्धाच्या काळापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत विमानांत मुख्यतः केसीन हे दुधातील प्रथिनापासून केलेले चिकटद्रव्य वापरत. ते कोरड्या हवेत बळकट असते. मात्र ओलाव्यात त्यावर सूक्ष्मजीव वाढतात आणि ते कुजते. याचे परिणाम किती गंभीर असू शकतात, हे ३१ मार्च १९३१ रोजी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात दिसले. फोकर एफ-१० या प्रवासी विमानाचा लाकडी पंख हवेतच तुटला आणि प्रसिद्ध फुटबॉल प्रशिक्षक नूट रॉकनी यांच्यासह आठ जण मृत्युमुखी पडले. पंखात शिरलेल्या ओलाव्याने चिकटवलेले सांधे कमजोर झाले होते, असा निष्कर्ष पुढे आला. पंख पूर्णपणे प्लायवुडने मढवलेला असल्याने आतली झीज बाहेरून कोणालाच दिसली नव्हती. या अपघातानंतर अमेरिकेतील प्रवासी वाहतुकीत धातूच्या विमानांकडे कल वेगाने वळला.

केसीननंतर युरिया-फॉर्मल्डिहाइड आणि रिसॉर्सिनॉल ही कृत्रिम चिकटद्रव्ये आली. रिसॉर्सिनॉल गडद तांबडे असते आणि पाणी, उष्णता व बुरशी यांना उत्तम तोंड देते. त्याची अट मात्र कडक आहे. सांध्याच्या दोन्ही बाजू तंतोतंत जुळलेल्या हव्यात, भरपूर दाब हवा आणि सुकताना तापमान साधारण २१ अंश सेल्सियसच्या वर हवे. आजचे बहुतेक हौशी बांधणारे इपॉक्सी पसंत करतात. ते थोडी फट भरून काढते आणि त्याला हलका दाब पुरतो. उलट शिकंजे जोरात आवळले तर सगळे इपॉक्सी बाहेर निघून सांधा उपाशी राहतो. राळ आणि कठिणीकारक यांचे प्रमाण अंदाजाने घेऊन चालत नाही; तराजूवर तोलूनच घ्यावे लागते. शिवाय तापलेले इपॉक्सी मऊ होते, आणि गडद रंगाचा पृष्ठभाग उन्हात फार तापतो. इपॉक्सीने सांधलेली लाकडी विमाने पांढऱ्या किंवा फिक्या रंगाची दिसतात त्याचे कारण हे आहे.

फर्निचरसाठी वापरला जाणारा पांढरा सरस विमानात मुळीच चालत नाही. तो सतत भाराखाली हळूहळू सरकतो आणि ओलावा व उष्णतेत बळ गमावतो. खुर्चीत हा दोष वर्षानुवर्षे कळत नाही, कारण खुर्ची डगमगू लागली की माणूस उठून उभा राहतो.

चिकटवायचे लाकूड त्याच दिवशी रंधलेले असावे. खरकागदाने घासल्यास भुकटी तंतूंच्या छिद्रांत बसते, म्हणून भरीव लाकडासाठी धारदार रंधाच बरा. प्लायवुडचा पृष्ठभाग मात्र कारखान्यातील दाबाने गुळगुळीत झालेला असतो. तो हलका घासून घ्यावा लागतो. बोटांचे तेल, मेण किंवा आधी लागलेले वार्निश यांतील काहीही सांध्यात गेले तर तो धरत नाही.

एवढे करूनही सांधा चांगला झाला की नाही हे त्याच्याकडे पाहून समजत नाही. त्यावर शोधलेला उपाय जुना आणि सोपा आहे. चिकटद्रव्याच्या प्रत्येक कालवणीबरोबर त्याच लाकडाचे दोन टाकाऊ तुकडे त्याच हाताने चिकटवतात आणि त्यावर तारीख लिहितात. पूर्ण सुकल्यावर ते शिकंजात धरून हातोड्याने फोडतात. फुटलेल्या दोन्ही तोंडांवर लाकडाचे तंतू चिकटून आलेले दिसले, म्हणजे सांध्याच्या आधी लाकूड तुटले, तर त्या दिवसाचे काम ग्राह्य. गुळगुळीत, चकाकता थर दिसला तर त्या कालवणीचे सर्व सांधे संशयित ठरतात आणि ते कापून पुन्हा करावे लागतात. महिनाभराच्या कामावर करवत चालवणे कोणाच्याही जिवावर येते. परंतु संशयित सांधा राहू द्यावा असे सांगणारी एकही नियमावली नाही.

झाकण्यापूर्वीची तपासणी

धड कापडाने किंवा प्लायवुडने बंद करण्यापूर्वी दुसऱ्या जाणकाराने ते उघडे पाहावे, हा सर्व देशांत मान्य झालेला संकेत आहे. ब्रिटनमध्ये लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन या संघटनेचे निरीक्षक ठरलेल्या टप्प्यांवर येऊन सही करतात. अमेरिकेत १९५३ मध्ये पॉल पोबरेझ्नी यांनी स्थापन केलेल्या एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनचे स्वयंसेवी सल्लागार घरी येऊन काम पाहतात. ते पाहुणे असतात, अधिकारी नसतात. त्यामुळे त्यांच्यापुढे दोष लपवण्याचे कारण उरत नाही.

तपासणारा सांध्याच्या कडेने चिकटद्रव्याची अखंड रेघ बाहेर आली आहे का ते पाहतो, चाचणीचे तुकडे मागतो आणि पाणी साचण्याच्या जागा शोधतो. धडाच्या प्रत्येक खालच्या कोपऱ्यात पाणी निघून जाण्यासाठी छिद्र हवे. आतले सर्व लाकूड वार्निश केलेले हवे. विशेषतः काड्यांची कापलेली टोके, कारण पाणी तेथूनच आत शिरते. बांधणीची दैनंदिन नोंदवही आणि छायाचित्रे याच वेळी उपयोगी पडतात. पुढे विमान विकले गेले तर नव्या मालकाला बंद धडाच्या आत डोकावण्याचा दुसरा मार्ग नसतो.

दमट हवा आणि लाकूड

लाकूड हवेतील ओलावा सतत घेत आणि सोडत असते. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असताना लाकडात सुमारे १२ टक्के ओलावा स्थिरावतो. आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की तो १७ ते १८ टक्क्यांपर्यंत चढतो. मुंबईच्या किंवा कोकणच्या पावसाळ्यात ही स्थिती नित्याचीच. एवढ्या फरकाने स्प्रूसची १० सेंमी रुंद फळी वलयांच्या दिशेने सुमारे दीड मिलिमीटर फुगते, तर तिची लांबी जवळजवळ बदलत नाही. काटकोनात चिकटवलेल्या दोन तुकड्यांपैकी एक फुगतो आणि दुसरा फुगत नाही. तो ताण सांध्यावर येतो. हवा कोरडी झाली की बोल्टखालचे लाकूड आक्रसून बोल्ट सैल होतात आणि ते पुन्हा आवळावे लागतात.

भारतीय हवेने लाकडी विमानाची घेतलेली सर्वांत प्रसिद्ध परीक्षा १९४४ मधली. डी हॅव्हिलंड कंपनीचे ‘मॉस्किटो’ हे बाल्सा आणि बर्च प्लायवुडच्या कवचाचे युद्धविमान युरोपात अत्यंत यशस्वी ठरले होते. भारतात आलेल्या काही मॉस्किटोंचे पंख हवेत मोडले आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात येथील मॉस्किटो काही काळ जमिनीवर ठेवण्यात आली. प्रथम सर्व दोष उष्ण आणि दमट हवेला व केसीनला दिला गेला. अधिक तपासात पंखाच्या मुख्य दांड्यावरील सांध्यांत कारखान्यातच राहिलेल्या फटीही आढळल्या. हवामान आणि हलगर्जी यांपैकी नेमके कोण किती जबाबदार, यावर लेखकांत मतभेद आहेत. पण चांगल्या सांध्याला जे हवामान सोसते ते वाईट सांध्याला सोसत नाही, एवढे त्यातून दिसते.

नियम

अमेरिकेत विमानाच्या बांधणीचा मोठा भाग, म्हणजे निम्म्याहून अधिक काम, हौशी व्यक्तीने शिक्षण किंवा विरंगुळा म्हणून केलेला असेल तर विमानाला प्रायोगिक वर्गात नोंद मिळते. हा ‘५१ टक्के नियम’ म्हणून ओळखला जातो. अशा विमानाला सुरुवातीचे ठरावीक तास मर्यादित क्षेत्रातच, प्रवाशांशिवाय उडावे लागते. विमान भाड्याने प्रवासी नेण्यासाठी वापरता येत नाही. फ्रान्स, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया यांच्या व्यवस्था तपशिलात वेगळ्या असल्या तरी टप्प्याटप्प्याच्या तपासणीचे तत्त्व समान आहे.

भारतातील स्थिती

भारतात लाकडी विमानकामाची परंपरा प्रामुख्याने ग्लायडरांच्या रूपाने होती. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या तांत्रिक केंद्रात एस. राममृतम यांनी रचलेला ‘रोहिणी’ हा शेजारी शेजारी दोन आसने असलेला लाकडी ग्लायडर १९६१ मध्ये प्रथम उडाला. पुण्याजवळ हडपसर येथे ग्लायडिंगचे शासकीय केंद्र आहे. विमानास योग्य प्लायवुडसाठी आयएस ७०९ हे भारतीय मानक आहे. बाजारात सहज मिळणारे ‘मरीन प्लाय’ आयएस ७१० या वेगळ्या मानकाचे असते. त्याचे चिकटद्रव्य उकळते पाणी सोसते, मात्र ते जड असते. नावातील साम्यावरून किंवा दुकानदाराच्या शब्दावरून एकाच्या जागी दुसरे घेता येत नाही.

घरी विमान बांधण्याचे महाराष्ट्रातील सर्वज्ञात उदाहरण मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांचे आहे. कांदिवलीतील चारकोप येथे इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते ठेवले गेले आणि २०१७ मध्ये त्याला महासंचालनालयाची नोंदणी मिळाली. ते विमान लाकडाचे नसून धातूचे आहे. तरी गच्चीवरून खाली आणण्यापासून कागदपत्रांपर्यंतच्या त्यांच्या अडचणी लाकडी धड बांधणाऱ्यालाही चुकणाऱ्या नाहीत. अमेरिकेत किंवा फ्रान्समध्ये आराखडे, प्रमाणित लाकूड आणि घरी येऊन सांधा पाहणारा शेजारी या तिन्ही गोष्टी सहज मिळतात. भारतात त्यांपैकी आराखडे टपालाने येतात, लाकूड आयात करता येते. अनुभवी डोळा मात्र ग्लायडरांची दुरुस्ती केलेल्या जुन्या कारागिरांकडे शोधावा लागतो.